पिकअप ट्रकची कर्षणक्षमता व निवासी ट्रेलर

कर्षणक्षमता : मोटार वाहनाच्या मागे जोडलेले व स्वतःचे एंजिन नसलेले दुसरे वाहन (ट्रेलर) किती वजनापर्यंत सुरक्षितपणे ओढता, चढावर नेता, उतारावर आवरता व थांबविता येईल, याची निर्मात्याने ठरवून दिलेली कमाल मर्यादा म्हणजे त्या वाहनाची कर्षणक्षमता होय. नुसते ओढण्याचेच काम असते, तर बहुतेक मोटारगाड्या या मर्यादेपेक्षा पुष्कळ जास्त भार हलवू शकल्या असत्या. परंतु ओढलेला भार थांबवावा लागतो, वळणावर आवरावा लागतो आणि त्याचा काही अंश ओढणाऱ्या गाडीच्या मागील चाकांना सतत पेलावा लागतो. म्हणून कर्षणक्षमता एंजिनाच्या सामर्थ्याइतकीच सांगाडा, आस (दोन चाकांना जोडणारा दांडा), स्प्रिंगा, गतिरोधक, टायर व शीतन व्यवस्था यांवर अवलंबून असते. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत राहण्याची सोय असलेला ट्रेलर पिकअप ट्रकाला जोडून सुटीत भ्रमंती करण्याची प्रथा मोठी असल्याने तेथे हा प्रश्न लाखो सामान्य कुटुंबांच्या नित्य व्यवहाराचा झाला आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्या देशांतील वाहनांचा विचार केला आहे [⟶ मोटारगाडी].

इतिहास : घोड्यांनी ओढावयाचे फिरते घर हौसेने बांधून घेण्याची कल्पना ब्रिटनमधील असून विल्यम गॉर्डन स्टेबल्स या लेखकाने १८८५ मध्ये ब्रिस्टल येथे बांधवून घेतलेली ‘वाँडरर’ ही गाडी तिचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तेथील कॅरव्हॅन क्लब १९०७ मध्ये स्थापन झाला. अमेरिकेत मोटारगाडीच्या मागे जोडावयाचे ट्रेलर पहिल्या महायुद्धानंतर लोकप्रिय होऊ लागले. वैमानिक व विमाननिर्माते ग्लेन कर्टिस यांनी १९२० ते १९३० या दशकाच्या अखेरीस ‘एरोकार’ हा ट्रेलर तयार केला. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीचा ‘क्लिपर’ हा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, विमानाच्या धडाप्रमाणे रिव्हेटांनी जोडलेला ट्रेलर १९३६ मध्ये बाजारात आला. त्या काळी हे ट्रेलर साध्या मोटारगाड्या ओढीत असत. फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये ‘मॉडेल टी’ गाडी कारखान्यातच पिकअपचा हौदा बसवून विकण्यास सुरुवात केली. पण पिकअप हे दीर्घकाळ शेतकऱ्याचे व कारागिराचे वाहन राहिले. १९७३ नंतरच्या खनिज तेलाच्या टंचाईमुळे मोटारगाड्या लहान व हलक्या झाल्या, त्यांचा स्वतंत्र पोलादी सांगाडा जाऊन सलग कवच आले, पुढील चाकांना गती देण्याची पद्धत रूढ झाली आणि जड ट्रेलर ओढण्याची त्यांची ताकद ओसरली. ते काम आपसूक पिकअपकडे आले. आता पिकअप कुटुंबाची मुख्य गाडी झाली असून तिच्यात पाच-सहा माणसे आरामात बसतात. ही गोष्ट भाराच्या हिशेबात कशी अडचणीची ठरते, ते पुढे येईलच.

ट्रेलरांचे प्रकार : सर्वांत हलका प्रकार म्हणजे घडी होणारा तंबू-ट्रेलर. त्याच्या कापडी भिंती मुक्कामी उभारता येतात आणि प्रवासात तो बसका असल्याने वाऱ्याचा रोध कमी होतो. अश्रूच्या थेंबाच्या आकाराचे, फक्त दोघांच्या झोपण्यापुरते ट्रेलरही हलकेच असतात. नेहमीचा प्रवासी ट्रेलर मात्र पूर्ण घरच असते. त्यात स्वयंपाकघर, संडास, न्हाणीघर, वातानुकूलन यंत्र, पाण्याच्या टाक्या व कित्येकदा बाजूला सरकवून खोली रुंद करण्याची योजना असते. तो ट्रकाच्या मागील बाजूस बसविलेल्या पोलादी गोलकावर जोडतात. ‘फिफ्थ व्हील’ प्रकाराचा ट्रेलर ट्रकाच्या हौद्यात, मागील आसाच्या जवळजवळ वर बसविलेल्या आडव्या तबकडीवर टेकतो. हे नाव घोडागाडीच्या पुढील आसाला वळण्यासाठी बसवीत असलेल्या आडव्या चाकावरून आले आहे. या प्रकारात जोडणी आसावरच असल्यामुळे गाडी स्थिर चालते. पण भारही थेट ट्रकावर पडतो.

वजनांच्या मर्यादा : या विषयातील बहुतेक गोंधळ वजनांच्या निरनिराळ्या संज्ञांमुळे होतो. ट्रकाचे स्वतःचे वजन अधिक इंधन, माणसे, सामान व ट्रेलरच्या दांडीचा त्यावर पडणारा भार या सर्वांच्या बेरजेवर जी मर्यादा असते, तिला ‘जीव्हीडब्ल्यूआर’ म्हणजे वाहनाची कमाल भारित वजनमर्यादा म्हणतात. ट्रक व ट्रेलर या जोडगाडीच्या एकूण वजनाची मर्यादा ती ‘जीसीडब्ल्यूआर’. याशिवाय पुढील व मागील आसांच्या स्वतंत्र मर्यादा असतात, तसेच गोलक, त्याची पोलादी चौकट व टायर यांच्या आपापल्या मर्यादा असतात. पहिल्या मर्यादेतून रिकाम्या ट्रकाचे वजन वजा केले असता जी राहते ती भारवाहनक्षमता (पेलोड) होय. यांपैकी प्रत्येक मर्यादा स्वतंत्रपणे पाळावी लागते. एकीत शिल्लक आहे म्हणून दुसरीत सूट मिळत नाही.

पिकअपला ‘अर्धा टनी’, ‘पाऊण टनी’, ‘एक टनी’ म्हणण्याची अमेरिकी पद्धत जुन्या भारवाहनक्षमतेवरून पडली असून ती आता केवळ वर्गवाचक आहे. आजचे अर्धा टनी ट्रक अर्ध्या टनापेक्षा पुष्कळच जास्त भार वाहतात. एकाच नावाच्या ट्रकाची क्षमताही एकच नसते. मागील आसातील दंतचक्रांचे गुणोत्तर ३·१५ ऐवजी ३·७३ असले, तर चाकांवर येणारे परिबल वाढून जोडगाडीची अनुज्ञात मर्यादा कित्येक शेकडा किग्रॅ. वर जाऊ शकते. उलट चारही चाकांना गती देणारी यंत्रणा, मोठी केबिन, काचेचे सरकते छत, चामड्याच्या विजेवर हलणाऱ्या बैठका इ. सुखसोयी ट्रकाचे स्वतःचे वजन वाढवितात व तेवढी भारवाहनक्षमता खातात. म्हणून सर्वांत महागडा ट्रक हाच सर्वांत समर्थ असेल, ही समजूत चुकीची आहे. बऱ्याचदा नेमके उलटे असते. अमेरिकेत चालकाच्या दाराच्या चौकटीवर टायर व भार यांविषयीची चिठ्ठी चिकटविलेली असते. तिच्यावर माणसे व सामान यांच्या एकत्रित वजनाची मर्यादा किलोग्रॅम व पौंड यांत छापलेली असते. तो आकडा त्याच विशिष्ट वाहनाचा असल्याने माहितीपत्रकातील आकड्यापेक्षा अधिक विश्वसनीय होय.

जाहिरातीतील आकडा व प्रमाणित चाचणी : पूर्वी प्रत्येक निर्माता कर्षणक्षमता आपापल्या पद्धतीने ठरवीत असे आणि प्रतिस्पर्ध्यावर मात करण्यासाठी हे आकडे दरवर्षी फुगत असत. या चढाओढीला आळा घालण्यासाठी स्वयंचलित वाहनांच्या अभियंत्यांच्या संस्थेने (एसएई) ‘जे २८०७’ हे मानक २००८ मध्ये प्रसिद्ध केले. टोयोटा कंपनीने ते २०११ च्या वाहनांपासून स्वीकारले. अमेरिकेतील तीन मोठे निर्माते त्यानंतर काही वर्षांनी, २०१५ च्या सुमारास, सामान्य पिकअपच्या बाबतीत त्यात सामील झाले. या मानकातील सर्वांत प्रसिद्ध कसोटी ॲरिझोना राज्यातील डेव्हिस धरणाजवळच्या चढाची आहे. कोलोरॅडो नदीच्या काठापासून युनियन खिंडीकडे जाणारा हा रस्ता सु. १८ किमी. लांब असून तेवढ्यात तो सु. ९०० मी. उंची गाठतो. हवेचे तापमान ३८° से. किंवा त्याहून अधिक असताना, वातानुकूलन यंत्र पूर्ण चालू ठेवून, पूर्ण भाराच्या ट्रेलरसह हा चढ ताशी ६४ किमी. पेक्षा वेग कमी न होऊ देता चढावा लागतो. मागे चार चाके असलेल्या ट्रकांना ५६ किमी. ची सवलत आहे. एंजिन वा प्रेषण यंत्रणा तापून बंद पडता कामा नये. याशिवाय ताशी ९७ किमी. वेग ३० सेकंदांत घेता आला पाहिजे आणि १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा पुढे व तितक्याच वेळा मागे गाडी हलविता आली पाहिजे.

मानक कठोर आहे यात शंका नाही; पण त्यात गृहीत धरलेला ट्रक कुटुंबाचा नाही. त्यात प्रत्येकी ६८ किग्रॅ. (१५० पौंड) वजनाची फक्त दोन माणसे बसलेली मानतात आणि दांडीचा भार ट्रेलरच्या वजनाच्या १० टक्के इतकाच धरतात. मागील बैठकीवरची मुले, कुत्रा, सायकली, शीतपेटी व सरपण यांपैकी काहीच हिशेबात नसते.

एक उदाहरण : हा फरक किती मोठा असतो ते प्रत्यक्ष आकडेमोडीनेच कळते. समजा, अर्धा टनी वर्गातील एका ट्रकाचे टाकी भरलेल्या स्थितीतील वजन २,४७० किग्रॅ., भारित वजनमर्यादा ३,२०० किग्रॅ., जोडगाडीची मर्यादा ७,७०० किग्रॅ. आणि जाहीर केलेली कर्षणक्षमता ५,००० किग्रॅ. आहे. भारवाहनक्षमता ७३० किग्रॅ. झाली. चार जणांच्या कुटुंबाने २,३५० किग्रॅ. ‘कोरड्या’ वजनाचा ट्रेलर पसंत केला. माहितीपत्रकात त्याचा दांडीभार २७० किग्रॅ. दिला आहे. विक्रेता सांगतो, की ट्रकाची क्षमता या ट्रेलरच्या दुपटीहून अधिक आहे. त्याचे म्हणणे खोटे नाही. थोडा चिकित्सक ग्राहक आणखी एक बेरीज करील : माणसे ३०० किग्रॅ., हौद्यातील सामान १०० किग्रॅ., जोडणीचे पोलादी साहित्य ४० किग्रॅ. व दांडीभार २७० किग्रॅ. मिळून ७१० किग्रॅ.; म्हणजे अजून २० किग्रॅ. शिल्लक. सौदा ठरतो.

आता ट्रेलर प्रवासाला निघतो. त्याचे कोरडे वजन म्हणजे कारखान्यातून बाहेर पडतानाचे वजन. तसा तो पुन्हा कधीच नसतो. टाकीत १५० लिटर पाणी म्हणजे तितकेच किग्रॅ. वजन. स्वयंपाकाच्या वायूची दोन भरलेली नळकांडी ३४ किग्रॅ., विद्युत् घटमाला ५६ किग्रॅ., आणि भांडीकुंडी, कपडे, अंथरुणे, शिधा, घडीच्या खुर्च्या व अवजारे मिळून २६० किग्रॅ. धरले, तर ५०० किग्रॅ. वाढून ट्रेलर २,८५० किग्रॅ. चा होतो. यात अतिशयोक्ती नाही. काटकसरीने राहणारे कुटुंबही एवढे सामान नेते. वायूची नळकांडी व घटमाला दांडीवरच बसविलेली असल्याने दांडीभार कोरड्या ट्रेलरच्या मानाने अधिक वेगाने वाढतो. तो १३ टक्के धरला, तर ३७० किग्रॅ. होतो. ट्रकावरील एकूण भार ८१० किग्रॅ. म्हणजे मर्यादेपेक्षा ८० किग्रॅ. जास्त झाला. गंमत अशी, की याच वेळी जोडगाडीचे एकूण वजन ५,७६० किग्रॅ., म्हणजे तिच्या मर्यादेपेक्षा तब्बल १,९४० किग्रॅ. कमी आहे. एंजिनाला काहीच जाणवत नाही. गाडी जोमाने पळते आणि चालकाचा समज होतो, की सर्व ठीक आहे.

हाच हिशेब उलट बाजूने केला, तर या कुटुंबास योग्य ट्रेलर कोणता ते निघते. माणसे, सामान व जोडणी यांचे ४४० किग्रॅ. वजा जाता दांडीसाठी २९० किग्रॅ. उरतात. १३ टक्के प्रमाणाने त्याला सु. २,२३० किग्रॅ. वजनाचा भरलेला ट्रेलर बसतो. पाच हजारांचा आकडा निम्म्याहूनही खाली आला. अर्धा टनी ट्रकात बहुतेक वेळा भारवाहनक्षमता आधी संपते, कर्षणक्षमता नव्हे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी बऱ्याच चुका टळतात. ट्रेलर निवडताना त्याच्या कोरड्या वजनाऐवजी त्यावर छापलेली कमाल वजनमर्यादा धरून गणित करणे हे अधिक शहाणपणाचे होय. ‘फिफ्थ व्हील’ ट्रेलरचा तर १५ ते २५ टक्के भार ट्रकावर येत असल्याने त्यासाठी सामान्यतः पाऊण टनी वा एक टनी ट्रक लागतो.

प्रत्यक्ष वजन महामार्गालगतच्या, मालट्रकांसाठी असलेल्या वजनकाट्यांवर अल्प खर्चात करता येते. प्रथम माणसे व सामान यांसह एकट्या ट्रकाचे, नंतर ट्रेलर जोडून प्रत्येक आसाचे वेगळे वजन घेतात. वरील उदाहरणात ट्रक एकटा २,९१० किग्रॅ. व ट्रेलर जोडल्यावर ३,२८० किग्रॅ. भरेल, दोहोंतील फरक तो दांडीभार. मात्र त्या वेळी पुढे वर्णन केलेल्या भारवाटप जोडणीच्या सळया सोडलेल्या असाव्या लागतात, नाहीतर फरक कमी दिसतो.

दांडीभार व भारवाटप जोडणी : गोलक ट्रकाच्या मागील आसाच्याही मागे असतो. त्यामुळे दांडीचा भार तरफेप्रमाणे कार्य करतो आणि मागील आस हा तिचा टेकू होतो. पुढील व मागील आसांतील अंतर ३·७ मी. व मागील आसापासून गोलकाचे अंतर १·३ मी. असेल, तर ३७० किग्रॅ. दांडीभाराने मागील आसावर ५०० किग्रॅ. भार वाढतो आणि पुढील आसावरचा १३० किग्रॅ. भार कमी होतो. गाडी मागे बसते, नाक वर येते, पुढील दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडी वळविणाऱ्या व थांबविण्याचे बरेचसे काम करणाऱ्या पुढील चाकांची रस्त्यावरील पकड कमी होते. ओल्या रस्त्यावर हे विशेष जाणवते.

यावर उपाय म्हणून भारवाटप जोडणी वापरतात. तीत जोडणीच्या शीर्षापासून ट्रेलरच्या दांडीकडे जाणाऱ्या दोन लवचिक पोलादी सळया ताणून बसवितात. या सळया जोडणीच्या सांध्यावर विरुद्ध दिशेचे परिबल निर्माण करतात आणि मागील आसावरील भाराचा काही भाग पुढील आसाकडे व काही ट्रेलरच्या आसांकडे ढकलतात. बऱ्याच निर्मात्यांनी दांडीभार ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास ही जोडणी सक्तीची केली आहे. तथापि तिने भार वाटला जातो, नाहीसा होत नाही. ट्रकाची भारवाहनक्षमता तिच्यामुळे वाढली, असे मानून सामान वाढविणे गैर आहे. सळया अति ताणल्यास मागील चाके हलकी होतात, हाही धोका असतो.

ट्रेलरचे हेलकावे : दांडीभार इतका त्रासदायक असेल तर तो कमी का करू नये, असे कोणासही वाटेल, आणि नेमकी हीच चूक प्राणघातक ठरते. मालाचा भार मागे गेला, की बैलगाडी उलाळ होते व जू वर उचलले जाते, हे आपल्याकडील गाडीवानास शिकवावे लागत नाही. बैलगाडी मंदगती असल्यामुळे तेवढ्यावरच निभावते. ताशी १०० किमी. वेगाने जाणाऱ्या ट्रेलरचा गुरुत्वमध्य त्याच्या आसाच्या मागे किंवा फार जवळ असेल, तर तो दांडीभोवती डावी-उजवीकडे डोलू लागतो.

ट्रेलर जोडणीच्या बिंदूभोवती आडव्या पातळीत फिरू शकणाऱ्या लंबकासारखा असतो. शेजारून जाणाऱ्या मोठ्या मालट्रकाने ढकललेली हवा, आडवा वारा, रस्त्यातील खळगा किंवा चालकाने सुकाणूचक्राला दिलेला झटका यांनी तो बाजूला सरतो. टायरांच्या आडव्या प्रेरणा त्याला मूळ जागी आणतात. पण संवेगामुळे तो मध्य ओलांडून दुसऱ्या बाजूस जातो. कमी वेगात ही आंदोलने टायरांच्या घर्षणाने दोन-तीन फेऱ्यांत विरतात. वेग वाढत जातो तसतसे हे संदमन कमी होते आणि प्रत्येक जोडगाडीचा असा एक क्रांतिक वेग असतो, की त्यापलीकडे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. तेव्हा ट्रेलर ट्रकाच्या मागील टोकाला ओढून नेतो, आणि थोड्याच सेकंदांत दोन्ही वाहने आडवी होतात. गुरुत्वमध्य जितका पुढे, दांडी जितकी लांब, जड वस्तू आसाच्या जितक्या जवळ व ओढणारे वाहन जितके लांब व जड, तितका हा क्रांतिक वेग वर असतो. म्हणूनच ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर असावा, असा अमेरिकेतील दंडक आहे, सु. ६० टक्के सामान आसाच्या पुढे ठेवावे, हा सल्लाही त्याचसाठी देतात.

केवळ दांडीभाराचे प्रमाण बरोबर असले म्हणजे झाले, असे मात्र नाही. दोन्ही टोकांना जड वस्तू ठेवूनही ते प्रमाण साधता येते. परंतु अशा ट्रेलरचे निरूढी परिबल मोठे असल्याने एकदा सुरू झालेले डोलणे आवरणे कठीण जाते. सामानाच्या जागेतील किरकोळ वाटणारा बदलही महत्त्वाचा असतो. ट्रेलरच्या आसामागे ४ मी. वर ४० किग्रॅ. च्या सायकली टांगल्या व आसापासून गोलक ५ मी. पुढे असला, तर दांडीभार ३२ किग्रॅ. ने घटतो. पुढील टाकीतील स्वच्छ पाणी संपून मागील टाकीत सांडपाणी साठले, तर सकाळी स्थिर असलेला ट्रेलर परतीच्या वाटेवर अस्थिर होऊ शकतो.

हेलकावे सुरू झाल्यास चालकाच्या मनात येणाऱ्या बहुतेक प्रतिक्रिया चुकीच्या असतात. उलटसुलट सुकाणूचक्र फिरविल्यास मानवी प्रतिसादास लागणाऱ्या विलंबामुळे ती दुरुस्ती चुकीच्या क्षणी पडून आंदोलन वाढते. वेग वाढवून गाडी ‘सरळ करणे’ तर आत्मघातकीच होय. ट्रकाचे गतिरोधक जोराने दाबले, तर मागून ट्रेलर रेटतो. चक्र स्थिर धरून प्रवेगक पट्टीवरचा पाय काढणे व केबिनमधील हस्तनियंत्रकाने फक्त ट्रेलरचे गतिरोधक लावणे, हा योग्य मार्ग आहे. त्यायोगे ट्रेलर मागे ओढला जाऊन जोडगाडी ताणून सरळ होते. हेलकावे रोखण्यासाठी घर्षणपट्ट्या असलेल्या जोडण्या, तसेच ट्रकाच्या चाकांना वेगवेगळे रोधन देणारी इलेक्ट्रॉनीय यंत्रणा आता मिळतात. त्या उपयुक्त आहेत. पण चुकीच्या भरणीवरचा तो इलाज नव्हे.

चढ, उतार व रोधन : ५,७६० किग्रॅ. ची जोडगाडी ६ टक्के चढावर ताशी ८० किमी. वेगाने न्यावयाची, तर केवळ गुरुत्वाविरुद्धच सु. ७५ किलोवॉट (१०० अश्वशक्ती) खर्च होतात. हवेचा व टायरांचा रोध वेगळाच. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून सपाट व उंच समोरील बाजूचा हलका ट्रेलरसुद्धा बसक्या आकाराच्या जड ट्रेलरपेक्षा अधिक इंधन खातो. काही निर्माते यासाठी ट्रेलरच्या दर्शनी क्षेत्रफळाचीही मर्यादा देतात. उंचीवरील विरळ हवेत साध्या एंजिनाची शक्ती दर १,००० मी. ला सु. १० टक्के घटते. कोलोरॅडोतील महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा सु. ३,४०० मी. उंचीवर असल्याने तेथे अशा एंजिनाची जवळजवळ एकतृतीयांश शक्ती नाहीशी झालेली असते. टर्बोभारक असलेल्या एंजिनात ही घट पुष्कळच कमी असते, आणि डोंगराळ मुलखात डीझेल ट्रकांना मिळणाऱ्या पसंतीचे हे एक कारण आहे [⟶ अंतर्ज्वलन एंजिन].

चढावर जी शक्ती लावावी लागते, तितकीच उतारावर उष्णतेच्या रूपाने घालवावी लागते. पाऊण तासाच्या सलग उतारावर हे काम गतिरोधकांवर सोपविल्यास ते तापून निकामी होतात. म्हणून उतारास लागण्यापूर्वीच खालचे गिअर घालून एंजिनाच्या रोधाने गाडी उतरवावी लागते. ट्रेलरला स्वतःचे गतिरोधक असणे बहुतेक अमेरिकी राज्यांत ठराविक वजनापुढे कायद्याने आवश्यक आहे. कित्येक ठिकाणी ही मर्यादा १,३६० किग्रॅ. (३,००० पौंड) आहे. ते बहुधा विजेचे असून केबिनमधील नियंत्रक ट्रकाच्या मंदनाच्या प्रमाणात त्यांना प्रवाह पुरवितो. ट्रेलर तुटून निघाल्यास दोरी ओढली जाऊन त्याच्यावरील घटमालेच्या साहाय्याने गतिरोधक आपोआप लागण्याची सोय असते, आणि दांडीखाली दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधलेल्या असतात, म्हणजे निखळलेली दांडी जमिनीत न रुतता त्यांवर झेलली जाते. वेगाचा परिणाम येथेही मोठा आहे : ताशी ९० ऐवजी १०५ किमी. वेगाने जाणाऱ्या जोडगाडीत ३६ टक्के अधिक गतिज ऊर्जा असते. ट्रेलरसाठी बनविलेले बरेचसे टायर ताशी १०५ किमी. वेगापर्यंतच योग्य मानलेले असतात. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनास ताशी ८८ किमी. (५५ मैल) हीच कायदेशीर कमाल मर्यादा आहे.

इतर देश : यूरोपात हेच गणित निराळ्या रीतीने मांडतात. तेथे साधी मोटारगाडीच ‘कॅरव्हॅन’ ओढते, गोलकाचा व्यास ५० मिमी. असा ठरलेला असतो आणि दांडीभार साधारणतः ५० ते १०० किग्रॅ. एवढाच ठेवतात. इतक्या कमी दांडीभाराने चालते, याचे एक कारण म्हणजे वेगमर्यादा. जर्मनीत ट्रेलर जोडलेल्या मोटारगाडीस ताशी ८० किमी. ची मर्यादा असून विशेष मंजुरी मिळालेल्या जोडगाड्यांनाच १०० किमी. ची मुभा आहे. एकाच बनावटीच्या गाडीची कर्षणक्षमता यूरोपात जास्त व अमेरिकेत कमी छापलेली दिसते, त्याचेही हे एक स्पष्टीकरण आहे. ब्रिटनमध्ये नवशिक्या चालकाने गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून जड कॅरव्हॅन जोडू नये, असा सल्ला रूढ आहे. तो कायदा नव्हे. ऑस्ट्रेलियात ‘यूट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मध्यम पिकअपांवर ३,५०० किग्रॅ. हा आकडा सर्रास आढळतो आणि भारवाहनक्षमतेचा वर सांगितलेला घोटाळा तेथेही तसाच होतो.

विजेवर चालणारे पिकअप २०२१ पासून बाजारात आले. त्यांचे परिबल मोठे असल्याने ओढण्यात ते कमी पडत नाहीत. परंतु मोठा निवासी ट्रेलर जोडला असता एका भारणात होणारा प्रवास साधारणपणे निम्म्यावर येतो. शिवाय बऱ्याच भारणकेंद्रांची रचना ट्रेलर सोडविल्याशिवाय गाडी उभी करता येणार नाही अशी आहे.

भारतात ट्रेलर मुख्यतः शेतीच्या ट्रॅक्टरामागे व मालवाहतुकीत दिसतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. तथापि येथे प्रचारात असलेली फिरती घरे बहुतांशी बस किंवा व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली, स्वतःचे एंजिन असलेली आहेत. जोडावयाचे निवासी ट्रेलर अद्याप थोडेच असून घाटरस्ते, अरुंद वळणे व मिश्र वाहतूक पाहता त्यांच्या बाबतीत उतारावरील रोधनाचा विचार अमेरिकेतल्यापेक्षा अधिक काटेकोरपणे करावा लागेल.